लिहिलेली झोप

दुपारची भांडी आवरली, की ओळीतल्या बायका लॉगबुकं घेऊन ओट्यावर बसत. ओळ म्हणजे ट्रकच्या आवाराच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या खोल्या. आवार मालकाचं, खोल्या मालकाच्या, आणि त्या खोल्यांतल्या पुरुषांच्या हाती दिलेले ट्रकही मालकाचेच. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाचे केस ओले, कुणी जांभया देत, अशा त्या बसत आणि गप्पा मारता मारता लिहीत. गाडी सकाळी सुटली. वाटेत थांबली. ड्रायव्हर जेवला. ड्रायव्हर झोपला. ब्रेक ठीक, टायर ठीक, दिवे ठीक, स्टिअरिंग ठीक. बरोबरच्या खुणांची रांग पानाच्या तळाशी जाऊन पोचली, की पान उलटायचं.

नियम असा होता, की ड्रायव्हरनं गाडी हलवण्याआधी तिच्याभोवती फिरून सगळं स्वतः पाहावं, पाहिलेलं स्वतः लिहावं, ठरलेल्या तासांच्या वर गाडी चालवू नये आणि पुरती झोप घेतल्याशिवाय पुन्हा निघू नये. माणसं जगावीत म्हणूनच कुणीतरी तो विचारपूर्वक केला होता. पण पुरुष घरी येत ते चेंगरल्यासारखे, आणि अंग टेकतं न टेकतं तोच फाटकावरून हाक येई. लिहायला वेळ कुणाला? खरं लिहिलं तर गाडी थांबणार, गाडी थांबली तर मालकाचं तोंड वाकडं होणार. म्हणून कधीतरी कुणाच्यातरी बायकोनं लॉगबुक हातात घेतलं. मग तेच बायकांचं काम होऊन बसलं, झाडलोट आणि धुणीभांडी यांच्यासारखं.

या ओळीत सर्वांत सुबक अक्षर होतं ते मधल्या खोलीतल्या सुनेचं. तिला लहानथोर सगळेच वहिनी म्हणत. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच सासूबाईंनी तिला गॅस, पाण्याची वेळ आणि लॉगबुक या तिन्ही गोष्टी एका बैठकीत समजावून दिल्या होत्या.

"एकाच पेनानं लिहीत जाऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "एका दिवशी निळं, एका दिवशी काळं. मध्येच एखादी ओळ घाईनं लिहिल्यासारखी वाकडी येऊ दे. फार नीटनेटकं दिसलं की तपासणाऱ्या साहेबांना वास येतो. आणि कुठंतरी चहाचा थेंब सांडू दे."

वहिनीला तेव्हा हसू आलं होतं. पुढे हात बसला. नवऱ्याचं तर ती लिहीच, शिवाय ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं, आजारी बायकांच्या नवऱ्यांचं, एकट्यादुकट्या ड्रायव्हरांचंही तिच्याकडे येऊ लागलं. तिला त्याचं थोडं कौतुकही वाटे. चांगल्या अक्षराचा दुसरा उपयोग तिच्या आयुष्यात कुणी केलाच नव्हता.

त्या दिवशीही तिनं नवऱ्याच्या पानावर 'मुक्कामी पूर्ण झोप' असं लिहिलं आणि वही मिटली. नवरा घरातला थोरला. सगळे त्याला थोरलाच म्हणत. तो संध्याकाळी आला तो भिंत धरतच. डोळे तांबारलेले, पापण्यांच्या कडा सुजलेल्या. हातपाय धुऊन ताटावर बसला, पहिला घास तोंडात घातला आणि तसाच थांबला. घास गालात, हात ताटात, मान छातीवर.

"बाबा जेवता जेवता झोपले!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली. तिचा भाऊही हसला. वहिनीलाही क्षणभर गंमत वाटली. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेवढ्यात धाकटा आला, थोरल्याचा भाऊ. तो गाड्यांच्या तपासणी केंद्रात निरीक्षक होता. शिकला, साहेब झाला, दुसऱ्या वस्तीत बिऱ्हाड केलं, पण आठवड्यातून एकदा आईला भेटायला यायचा आणि पोरांसाठी फळं आणायचा. त्याच्या आवाजानं थोरला दचकून जागा झाला आणि घास चावू लागला.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "गाडीचं जरा बघायला हवं. ब्रेक मारला की डावीकडं ओढते. स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतल्यासारखं वाटतं. आणि हवा धरत नाही, सारखी गळते. पासिंगला येईल तेव्हा एकदा तपासणीच्या खड्ड्यावर घे आणि खालून नीट बघ."

"पासिंग?" धाकट्यानं पिशवी खाली ठेवली. "दादा, तुझी गाडी झाली की पास. कालच झाली."

"काल? काल तर मी गाडी घेऊन पार तिकडं होतो."

"गाडी कशाला लागते? कागद आला होता."

तो विनोद म्हणून म्हणाला होता. कुणी हसलं नाही, तेव्हा तोच ओशाळला.

"हे बघ, रागावू नकोस. आमच्याकडं असंच चालतं. मालकाचा फोन येतो, त्याचा मॅनेजर कागदांचा गठ्ठा आणून टाकतो, आम्ही सह्या करतो. मी नापास म्हटलं तर मला तिथून उचलून कुठंतरी फेकतील, माझ्या जागी दुसरा बसेल आणि तो पास करेल. गाडी रस्त्यावर यायची ती येणारच. आणि खरंच नापास केली तर उद्या तू काय करशील? घरात बसशील?"

थोरल्यानं भावाच्या खांद्यावर थोपटलं, जणू समजूत त्याचीच घालायची होती, आणि उरलेलं जेवण डोळे मिटूनच उरकलं.

ओळीच्या टोकाला गवई राहायचा. त्याचं खरं नाव फक्त लायसन्सवर होतं. गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून तो मोठ्यानं गाणी म्हणायचा, सगळी बेसूर. त्याची गाडी फाटकातून शिरण्याआधी त्याचा आवाज शिरायचा. अर्थात त्याची बायको गवईण. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली होती, पण गवयानं तिला अजून बघितलं नव्हतं. गवईण नसल्यानं त्याचं लॉगबुक वहिनीकडे येई.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीशी आला. घसा इतका बसला होता, की पहिले दोन शब्द तिला कळलेच नाहीत.

"काय हो, गळ्याचं काय केलंत?"

"गाऊन गाऊन फाटला. दोन दिवस जमिनीला पाठ लागलेली नाही. गाणं थांबलं की डोळा लागतो बघा." त्यानं लॉगबुक खिडकीतून आत सरकवलं. "वहिनी, या खेपेला मला जरा जास्त झोपवा. मागच्या वेळी फार थोडं झोपवलंत, साहेबानं विचारलं."

ती हसली. "असं म्हणता? मग आज अगदी घोरायला लावते."

"घोरू दे, घोरू दे. येताना बायकोच्या गावावरून येईन म्हणतो. पोरीचं तोंड तरी बघेन."

"अहो, मग आज जाऊच नका ना. खरंच थोडं पडा."

"मालानं भरलेली गाडी उभी आहे, मॅनेजर डोक्यावर उभा आहे. पडतो कुठं?" तो जायला वळला आणि परत फिरला. "ब्रेकच्या रकान्यात नेहमीसारखंच करा हं. सांगून काही होत नाही, उगाच शिव्या खाव्या लागतात."

त्याची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली तेव्हा वहिनी लिहीतच होती. ब्रेकमधून हवा सुटल्याचा लांब फुसफुसाट झाला, आणि गाडी उभी राहिल्यावरही तो बंद होईना. वहिनीनं मान वर केली. ओट्यावरच्या बाकीच्या बायकांनीही ऐकलं होतं. पण ज्याचं नाव घ्यायचं नाही असं काहीतरी दारावरून जावं, तशा सगळ्या खाली बघून लिहीत राहिल्या. वहिनीनं रकान्यात लिहिलं, 'घरी. पूर्ण विश्रांती. गाडीत दोष नाही.' त्या पानावर तिनं चहाचा थेंबही पाडला आणि लॉगबुक फाटकावर गवयाला नेऊन दिलं.

बातमी सकाळी आली. एका गावाच्या तोंडाशी लांब उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी बसचा थांबा. गवयाची गाडी उतारावरून आली ती थांबलीच नाही. थांब्यावर एक शिक्षिका उभी होती, शाळेला निघालेली. ती जागच्या जागी गेली. गाडी पुढे भिंतीवर आदळली, आणि गवयाला पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. तो दवाखान्यात पोचलाच नाही.

गवईण तान्ह्या पोरीला घेऊन आली. तिच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली गवयाच्या खिशात होती. कुलूप फोडेपर्यंत ती बंद दारासमोर उभी राहिली. रडली नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. ओळीत कुजबुज सुरूच झाली होती. डोळा लागला असेल. प्यायला असेल. पोरगी झाली म्हणून खुशीत होता, लक्ष नसेल. जी माणसं काल त्याच्या गाडीचा फुसफुसाट ऐकून खाली मान घालून बसली होती, तीच आज हे बोलत होती. अशा वेळी माणसाला मेलेल्यावर दोष ठेवणं सोयीचं जातं. तो उलटून बोलत नाही, आणि जिवंतांना आपल्या कामाला लागता येतं.

दुपारी मॅनेजर वहिनीच्या दारात आला. हातात कोरं लॉगबुक होतं. चपला बाहेर काढल्या, सासूबाईंची विचारपूस केली, वहिनीच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "गाडीतलं लॉगबुक खराब झालंय. पार भिजलंय. मागच्या पंधरवड्याचं पुन्हा उतरवून द्या. पोलिसांना संध्याकाळी दाखवायचंय. अक्षर तुमचंच आहे, तेव्हा जुळेल."

कशानं भिजलंय ते त्यानं सांगितलं नाही, आणि ते विचारायचं धाडस वहिनीला झालं नाही.

"उतरवून काय होणार?" तिनं विचारलं.

"होणार काय? कागद ठाकठीक असले की गाडीवर बालंट येत नाही. पासिंग झालेलं आहे, झोप पुरी आहे, रोजच्या तपासणीच्या खुणा आहेत. म्हणजे कंपनीची बाजू साफ."

"मग बालंट कुणावर येतं?"

मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिलं. "वहिनी, जो गेला त्याला आता काय फरक पडतो?"

"गाडी ठीक होती, माणूस पुरता झोपला होता, आणि तरी दोघं मेली. म्हणजे चूक त्याचीच, असंच ना?" ती म्हणाली. "त्याच्या बायकोला तुम्ही काय देणार? की त्याच्या चुकीमुळं काहीच द्यायचं नाही?"

"ते वरचे लोक बघतील. तुम्ही फक्त लिहा."

तिनं ते कोरं लॉगबुक उचललं आणि दारात, त्याच्या चपलांशेजारी नेऊन ठेवलं. "मी लिहिणार नाही."

"नवऱ्याला विचारलंत?"

"हात माझा आहे."

मॅनेजर सासूबाईंकडे वळला. "आई, तुम्ही तरी समजावा. तुम्ही जुन्या. तुम्हाला सगळं माहीत आहे."

सासूबाई म्हणाल्या, "हो, मला माहीत आहे. तुम्ही निघा आता."

तो गेल्यावर सासूबाईंनी सुनेला जवळ बसवलं. त्यांचा नवरा, म्हणजे या घरातले सासरे, ट्रक उलटून गेले, एवढंच वहिनीला ठाऊक होतं. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे.

"तेव्हाही असेच आले होते," सासूबाई म्हणाल्या. "हा मॅनेजर नाही, याच्या आधीचा. टेबलावर वही ठेवली आणि वाचून दाखवली. 'बघा, काल पूर्ण झोप घेतली होती, गाडीत काही दोष नव्हता. तरी यांनी गाडी खड्ड्यात घातली.' मी म्हटलं, हो. अगं, ते मीच लिहिलं होतं! तीन दिवस त्या माणसानं अंथरुणाला पाठ टेकवली नव्हती, मला ठाऊक होतं. माझंच लिहिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं आणि मी मान डोलावली. मग इतकी वर्षं मी त्यांच्यावर राग धरला. म्हटलं, माझ्या पोरांना उघड्यावर टाकलं या माणसानं, नीट बघून चालवली असती तर काय बिघडलं असतं. आपणच लिहिलेलं खोटं आपल्यालाच खरं वाटायला लागतं, बघ." त्या थोडं थांबल्या. "आणि नंतर तुला तेच शिकवलं. चहाच्या थेंबासकट."

वहिनीला त्यांच्याकडे बघवेना.

थोरला घरी आला तेव्हा त्याला मॅनेजरनं फाटकातच सगळं ऐकवलेलं होतं. तो दारातूनच कडाडला. "उतरवून द्यायचं होतं! काय गेलं असतं तुझं? उद्या मला गाडी देणार नाहीत, खोली खाली करायला सांगतील. मग पोरांना घेऊन जायचं कुठं?"

"नाही दिली गाडी तर बरंच होईल," ती म्हणाली.

"बरं होईल म्हणे! खायचं काय?"

"मी आज तुमचं पान उघडलं होतं. लिहायला म्हणून पेनसुद्धा उघडलं. 'पूर्ण झोप.' मला वाटलं, मी तुमच्या मरणाची तयारी करतेय. तुमचे कपडे धुते, डबा भरते, आणि हे पण रोज करते."

तो खाली बसला. राग गेला आणि त्याखाली होती ती भीती वर आली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "उतार लागला तेव्हा गवयानं पाय दाबलाच असणार. तो झोपला होता म्हणतात. झोपलेलाही असेल. पण जागा झाल्यावर त्यानं दाबलाच असणार गं. मीही रोज दाबतो. रोज वाटतं, आज नाही लागणार."

संध्याकाळच्या आत धाकटा धावत आला. तोंड पांढरं पडलेलं. गवयाच्या गाडीच्या पासिंगवर त्याची सही होती. तीही गाडी त्यानं पाहिली नव्हती.

"वहिनी, पाया पडतो," तो म्हणाला. "मॅनेजरनं सगळं कळवलंय. तुम्ही लॉगबुकाविषयी तोंड उघडलंत की पुढचा प्रश्न मला येणार. गाडी पास कुणी केली? माझी नोकरी जाईल, कदाचित आतही जाईन. मला पण लेकरं आहेत."

या दिराला वहिनीनं स्वतःच्या हातानं डबे करून परीक्षेला पाठवलं होतं. तो पास झाला तेव्हा सगळ्या ओळीत तीच नाचली होती. बोलल्या त्या सासूबाई.

"प्रश्न येईल, तर उत्तर दे."

"आई, मी तुझा मुलगा आहे!"

"हाही माझाच आहे," सासूबाईंनी थोरल्याकडे बोट दाखवलं. "याच्याही गाडीवर तुझीच सही आहे ना? मग मी कुणाच्या बाजूनं बोलू? तूच सांग."

धाकटा उंबऱ्यावर बसून राहिला. उठला तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, उद्या सकाळी गाडी केंद्रावर घेऊन ये. फेरतपासणीला बोलवायचा अधिकार आहे मला. आजवर वापरला नाही."

सकाळी वहिनी गाडीत बसून बरोबर गेली. नवऱ्याच्या गाडीच्या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच चढत होती. पहिल्याच चौकात थोरल्यानं ब्रेक मारला, तशी ती अवजड गाडी एखाद्या बुजलेल्या जनावरासारखी डावीकडे झुकली. थोरल्यानं दात आवळून स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं. त्याच्या दंडाची शीर तटतटली. समोरून शाळेच्या मुलांची रांग रस्ता ओलांडत होती. त्यातलं एक पोर थांबून गाडीवरचं चित्र बघत राहिलं. गाडी हवी होती त्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. पोर हसलं आणि पळालं.

"रोज असं?" तिनं विचारलं.

"रिकामी आहे म्हणून एवढंच," तो म्हणाला.

केंद्रातल्या तपासणीच्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या आणि फळ्यांवर जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्या हलवायलाच वेळ गेला. बाकीचे निरीक्षक चहाचे कप हातात धरून बघत राहिले. एकानं विचारलं, "काय, घरची गाडी म्हणून खास पूजा का?" धाकटा बॅटरी घेऊन खाली उतरला. गाडीखालून आधी हातोडीचे ठोके आले, मग बराच वेळ काहीच आलं नाही.

वर आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्यानं मुठीतून काढून एक वस्तू दाखवली, सायकलच्या ट्यूबची पट्टी. हवेच्या पाइपाला पडलेली चीर कुणीतरी तिनं गुंडाळून बांधली होती. "ब्रेकचे लायनर उरलेलेच नाहीत," तो म्हणाला. "लोखंड लोखंडाला घासतंय. एका चाकाला तर ब्रेकच नाही, पाइप बंद करून टाकलाय." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, तू हिच्यात बसून घरी येत होतास?"

लहानपणी धाकट्याचा मार थोरला स्वतःवर घ्यायचा, तेव्हा जसा बघायचा तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

धाकट्यानं हात न धुताच कागद ओढला आणि 'नापास' लिहिलं. कागदावर तेलकट बोटं उमटली. टेबलावरचा फोन वाजायला लागला. आवारातून कुणीतरी मालकाला कळवलं असणार. फोन वाजत राहिला. धाकट्यानं सही केली, शिक्का मारला, आणि मगच तो उचलला. "हो साहेब, मीच," एवढंच तो बोलला. पलीकडून काय आलं ते इतरांना ऐकू आलं नाही, पण बाकीच्या निरीक्षकांनी एकेक करून आपापले कप खाली ठेवले.

परत आल्यावर वहिनी घरात शिरली नाही. ती सरळ ओळीच्या टोकाला गेली. गवईण पोरीला पाजत बसली होती.

"मला काहीतरी सांगायचंय," वहिनी दारातच म्हणाली. तिला आत पाऊल टाकवेना. "तुझ्या नवऱ्याचं लॉगबुक मी लिहिलं. तो झोपला नव्हता. दोन दिवस झोपला नव्हता. ब्रेक खराब होते, ते त्यानं मला सांगितलं होतं. मी ठीक आहेत म्हणून लिहिलं."

गवईण तिच्याकडे बघत राहिली. पोरीचं तोंड सुटलं आणि ती रडायला लागली, तरी तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

"काल ते सांगून गेले," ती म्हणाली, "की हा चांगला झोपून उठून गेला होता आणि तरी गाडी सांभाळली नाही. त्या बाईचा जीव यानं घेतला. मी त्याला शिव्या घातल्या, वहिनी. मेलेल्या माणसाला. म्हटलं, पोरीच्या कपाळी हा डाग लावून गेलास." तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. "तुम्ही हे मला सांगून उपयोग नाही. ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगा. चला, मी येते."

तिनं माफ केलं असं काही झालं नाही. वाटेनं ती वहिनीशी एक शब्द बोलली नाही. पण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्या दोघी बरोबर चढल्या.

अधिकाऱ्यानं जबाब लिहून घेतला. मध्येच पेन थांबवून तो म्हणाला, "बाई, तुम्हाला समजतंय ना? खोट्या नोंदी तुम्ही केल्यात असं तुम्हीच सांगताय. हे तुमच्यावरही शेकेल."

"शेकू द्या," वहिनी म्हणाली. "त्या शिक्षिकेच्या घरी कुणी सांगितलंय का, की ती का गेली? त्यांना वाटत असेल, ड्रायव्हर बेफाम होता. त्यांनाही हे वाचून दाखवा."

चौकशी सुरू झाली, आणि अशा चौकशा चालतात तशीच ती चालली आहे. धाकट्याला निलंबित केलं. त्यानं आपल्या सह्यांची कबुली लिहून दिली. जे त्याच्याबरोबर बसून तशाच सह्या करत होते, ते अजून तिथेच बसले आहेत. थोरल्याला खोली सोडावी लागली. तो आता बाजारात हातगाडीवर माल उतरवतो आणि संध्याकाळी घरी येऊन झोपतो. मालकानं वर्तमानपत्रात दुःख व्यक्त केलं. ओळीतल्या काही बायकांनी लिहायचं सोडलं. त्यांच्या नवऱ्यांना कधी गाडी मिळते, कधी मिळत नाही. काहीजणी अजून लिहितात. वहिनी त्यांना नावं ठेवत नाही. ती फक्त ज्या दिवशी वेळ मिळेल त्या दिवशी ओट्यावर जाऊन बसते आणि एकेकीला विचारते, "काल खरंच झोपला होता का गं?"

अशाच एका सकाळी बाजाराच्या रस्त्यानं जाताना तिला तो फुसफुसाट ऐकू आला. ती वळली. नवा निळा रंग दिलेला ट्रक चौकात वळत होता. काचेवर दुसऱ्याच केंद्राचा कोरा करकरीत पासिंगचा कागद चिकटवलेला. गाडी थांबताना डावीकडे झुकली. ज्या गाडीनं तिच्या नवऱ्याचा दंड ओढून काढला होता, ती रंग बदलला म्हणून तिला ओळखू येणार नव्हती थोडीच! केबिनमध्ये एक तरुण ड्रायव्हर होता. दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलेलं. डोळे तांबारलेले.

हातातली पिशवी घेऊन ती तशीच मागे निघाली. बाजारातली गर्दी होती म्हणून ट्रक हळू चालला होता, नाहीतर गाठता आला नसता. दोन गल्ल्या पलीकडे, एका बैठ्या घरासमोर तो थांबला. ड्रायव्हर उतरला, आत गेला. वहिनी रस्त्याच्या या बाजूला उभी राहिली. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. लोक तिला वेडी म्हणतील, भांडखोर म्हणतील, मालकाची वैरीण म्हणतील. ती रस्ता ओलांडून गेली आणि तिनं कडी वाजवली.

दार त्यानंच उघडलं. तोंडावर अजून पाणी होतं.

"त्या गाडीचे ब्रेक," वहिनी म्हणाली, "ते लागत नाहीत. ती गाडी माझा नवरा चालवायचा. ती नापास झालेली आहे."

तरुणानं तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर नवल नव्हतं. "ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "पाय ठेवला की कळतं."

"मग?"

त्यानं खाली बघितलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी बाजूला घ्यायला सांगत हॉर्न वाजवत होतं. तो दार लोटून घेणार, इतक्यात त्याच्या मागून एक बाई पुढे आली. त्याचीच बायको, अगदी कोवळ्या वयाची. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याचा दारावरचा हात तिनं बाजूला केला.

"बाहेर का उभ्या?" ती वहिनीला म्हणाली. "आत या. मला सांगा."